लाझारचा चाळिसावा दिवस

मेतोदी काराकाशेव मॅक्रो शिकला नसता तर लाझार त्या शनिवारी मेला नसता, असं 'ब' विंगमधले लोक अजूनही म्हणतात आणि म्हणताना हसतात. मेतोदी हसत नाही. तो चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढायला लागतो.

तसा त्याचा गुन्हा एवढाच, की म्हातारपणी त्याला काहीतरी शिकायची हौस आली. लोव्हेच शहरातल्या त्या सहा मजली इमारतीत विंगचा व्यवस्थापक निवडायची रीत सोपी आहे. बैठकीला जो सगळ्यात उशिरा पोचतो, त्याला बाकीचे एकमतानं निवडून देतात. अकरा वर्षांपूर्वी मेतोदीची बस चुकली होती. तेव्हापासून विंगमधल्या सगळ्या सूचना लिहिणं त्याच्या गळ्यात पडलं. पाणी जाणार, लिफ्ट बंद, जिना धुवायची पाळी कुणाची, हे एक. कुणाचा नावाचा दिवस असला की दारावर शुभेच्छा, हे दुसरं. इथं वाढदिवसापेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस मोठा, आणि त्या दिवशी आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो, यजमानानं फक्त टेबल मांडून बसायचं. तिसरं काम पत्रकांचं. माणूस गेला की काळ्या चौकटीत त्याचा फोटो आणि चार ओळी दारावर, झाडावर, बसथांब्यावर लागतात. मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. माणूस मरतो एकदाच, पण पत्रक लिहिणाऱ्याला तो पुरून उरतो.

हे सगळं मेतोदी हातानं लिहायचा. नोकरीत त्यानं पुलांचे नकाशे काढले होते, त्यामुळे अक्षर असं, की त्याचं पत्रक वाचताना लोकांना मेलेल्याचा हेवा वाटायचा. पण त्या जानेवारीत बोटं आखडायला लागली.

"मेतोदी, वाचनगृहात म्हाताऱ्यांसाठी संगणकाचा वर्ग निघालाय," त्याची बायको झ्लाटका म्हणाली. "जा की. निदान दोन तास तरी माझ्या स्वयंपाकघरात लुडबूड करणार नाहीस."

बायकोनं काढलेला हा फतवा म्हणजे मेतोदीच्या शिक्षणाचा श्रीगणेशा.

वर्गात आठ पेन्शनर आणि शिकवायला रालित्सा नावाची तिशीतली मुलगी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा काम शिकवून ठेवायचं. मग बटण दाबलं की तो ते काम पुन्हा पुन्हा करतो. सुरुवातीला काही लिहायचं नाही. 'रेकॉर्ड' दाबा, तुमचं काम करा, 'थांबा' दाबा. झालं."

मेतोदीनं रेकॉर्ड दाबलं, विंगमधल्या लोकांची यादी उघडली आणि लिफ्टची सूचना तयार केली. मधेच त्याचा हात चुकला आणि पाचव्या मजल्यावरच्या इंजिनियर पान्कोची ओळ पुसली गेली. त्यानं ती परत लिहून काढली, पण रेकॉर्ड बंद केल्यावर. यंत्र आज्ञाधारक. त्यानं सूचना शिकली तशी चूकही शिकली, आणि पुढे जितक्या वेळा मेतोदीनं बटण दाबलं तितक्या वेळा पान्कोला यादीतून पुसलं. तीन आठवडे पान्कोचं नाव कुठल्याच सूचनेत आलं नाही. जिना धुवायची पाळीही आली नाही, म्हणून पान्को गप्प होता. बोभाटा झाला तो शेजारच्या बाईला लागोपाठ दोनदा पाळी आल्यावर.

"अहो, नवीन वाहन आहे, जरा वळणावर सांभाळा," पान्को जिन्यात भेटल्यावर म्हणाला. पान्को हा सल्ले देणारा माणूस. त्याला कधी कुणी विचारलं नाही आणि त्यानं कधी कुणाची वाट पाहिली नाही. "आणि एक सांगतो, लोकांचे फोटो, जन्मतारखा यंत्रात भरताय ना, मग प्रत्येकाची लेखी संमती लागते. कायदा आहे. तीन प्रतींत घ्या."

झालं. मेतोदी तीन प्रती घेऊन सहा मजले फिरला. तळमजल्यावरच्या रुसांकाबाईंनी सही करायला चार दिवस घेतले, कारण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि चष्म्याशिवाय वाचायचं नाही, आणि चष्मा मुलीकडे राहिलेला. फोटो दिला तो तीस वर्षांपूर्वीचा. पान्कोनं स्वतः सही केलीच नाही. म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे.

पण वर्गात मेतोदीची प्रगती चालू होती. रेकॉर्डच्या पुढची पायरी रालित्सानं फळ्यावर काढून दाखवली. "आता पान्कोंसाठी वेगळा मॅक्रो, रुसांकाबाईंसाठी वेगळा, असं करायचं नाही. एकच लिहायचा. त्यात नावाच्या जागी रिकामा डबा ठेवायचा, कारणाच्या जागी रिकामा डबा ठेवायचा. आत जे टाकाल त्याप्रमाणे बाहेर येईल. एकदा लिहा, कुठंही वापरा."

हे वाक्य मेतोदीच्या डोक्यात शिरलं ते बाहेर निघायलाच तयार होईना. तो रस्त्यात बघे तिथं त्याला उधळपट्टी दिसायला लागली. बेकरीवाली रोज तीच चौकशी नव्यानं करते. पाद्री तेच प्रवचन नव्यानं म्हणतो. झ्लाटका तर त्याच चार गोष्टींवरून अठ्ठेचाळीस वर्षं रोज नव्यानं भांडते आहे.

"तुझं भांडण एकदा लिहून ठेवू या," तो म्हणाला. "कारणाचा डबा रिकामा ठेवतो."

"ठेव," झ्लाटका म्हणाली. "रिकामा राहणार नाही याची काळजी मी घेते."

फेब्रुवारीच्या शेवटी चौथ्या मजल्यावरची नेवेना गेली. लाझारची बायको. लाझार म्हणजे मेतोदीचा चाळीस वर्षांचा मित्र. रोज संध्याकाळी दोघं फासे टाकून टाब्ला खेळत आणि रोज एकमेकांवर चोरीचा आरोप करत. नेवेनाचं पहिलं पत्रक मेतोदीनं हातानं लिहिलं, कारण मॅक्रो तेव्हा अर्धवट होता. लिहिताना बोटं दुखली, त्याहून जास्त दुसरं काहीतरी दुखलं, पण अक्षर नेहमीसारखंच उतरलं.

मार्चमध्ये लाझार त्याच्याकडे आला. हातात एक फोटो. वार्नाच्या किनाऱ्यावर दोघं उभे आहेत, नेवेनाचा हात लाझारच्या खांद्यावर. "तुझ्या यादीसाठी मागत होतास ना. आमचा एकच बरा फोटो आहे. आणि मेतोदी, चाळिसाव्याचं पत्रक हातानंच लिही बरं का. पहिलं तिला आवडलं असतं. तुझ्या अक्षरावर ती जीव टाकायची, माहितेय तुला. म्हणायची, मेतोदीनं नाव लिहिलं की आपण जरा बरे दिसतो."

लाझारनं उभ्या आयुष्यात मागितलेली ही एवढीच गोष्ट. त्याला मूलबाळ नव्हतं, भाऊ नव्हता, आणि गेल्या महिनाभरात त्याच्या घरात टाब्ल्याच्या फाशांशिवाय कसला आवाज नव्हता. मेतोदीनं तेव्हाच हो म्हणायला हवं होतं आणि दौत काढायला हवी होती. पण मॅक्रो आदल्याच दिवशी पुरा झाला होता, आणि नवं खेळणं मिळालेल्या माणसाला समोरच्याचं बोलणं अर्धंच ऐकू येतं.

"हातानं कशाला आता?" मेतोदी म्हणाला. "बघच तू. काळी चौकट, क्रूस, फोटो, सगळं आपोआप. तीस प्रती, एका बटणावर. आणि सहा महिन्यांनी पुन्हा लिहायला नको, आकडा बदलला की झालं."

"बरं," लाझार म्हणाला आणि टाब्ल्याचा पट मांडायला लागला.

मेतोदीनं फोटो यंत्रात घेतला आणि मधून कापला. एका बाजूला नेवेना, एका बाजूला लाझार. एका फोटोतून दोन माणसांची सोय झाली याचा त्याला आनंदच वाटला. नेवेनाचा हात मात्र लाझारच्या बाजूला गेला, मनगटापर्यंत. तो काढता येईना, म्हणून त्यानं राहू दिला.

त्या वर्षी योग असा, की नेवेनाचा चाळिसावा दिवस गुरुवारी आला आणि लगेच शनिवारी संत लाझारचा दिवस. म्हणजे लाझारचा नावाचा दिवस. रविवार तर सगळ्या फुलांच्या नावांचा, आणि नेवेना हे फुलाचंच नाव. दरवर्षी या नवराबायकोच्या घरी शनिवारी जे टेबल मांडलं जायचं ते रविवारी रात्रीच उचललं जायचं. यंदा रविवार कोरडाच जाणार होता.

गुरुवारचं पत्रक यंत्रानं सुरेख काढलं. लाझार दारापाशी उभा राहून ते वाचत होता. 'प्रेमळ पत्नी, आई आणि आजी नेवेना हिला जाऊन चाळीस दिवस झाले.' बराच वेळ वाचत होता.

"छान छापलंय," तो म्हणाला.

मेतोदीनं ती शाबासकी समजून खिशात टाकली. मग दोघं मिळून दफनभूमीत गेले, लाझारनं नेवेनाच्या मातीवर वाइन ओतली, मेतोदीनं मेलेल्याच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा धरला. हे इथं मुद्दाम सांगितलं पाहिजे. गुरुवारी दुपारी लाझार मेतोदीच्या शेजारी, त्याच्या कोपराला कोपर लावून, स्वतःच्या पायांवर उभा होता.

आता त्या मॅक्रोत मेतोदीनं स्वतःच्या अकलेनं एक सुधारणा केलेली होती. रालित्सा म्हणाली होती, काम झालं की डबे रिकामे करा. मेतोदीला वाटलं, एकाच कारणाची पाच-सहा पत्रकं काढायची तर तेच कारण दरवेळी कशाला भरा? म्हणून त्यानं लिहून ठेवलं, की कारणाचा डबा रिकामा दिसला तर मागचंच कारण धरावं. या ओळीचा त्याला इतका अभिमान होता, की ती त्यानं झ्लाटकालाही वाचून दाखवली होती.

शुक्रवारी त्यांना द्राक्षवेली छाटायला गावाकडे जायचं होतं. बस साडेचारची. चार वाजता मेतोदी विंगच्या तळमजल्यावरच्या खोलीत यंत्रापुढे बसून शनिवारच्या शुभेच्छा लावत होता: सकाळी सात वाजता आपोआप छापायच्या. झ्लाटका दारात बूट घालून उभी.

"मेतोदी, बस काय तुझ्या मॅक्रोवर चालते का?"

"झालं, झालं."

त्यानं नावाच्या डब्यात लाझार टाकला. वेळ टाकली. कारणाचा डबा राहिला.

शनिवारी सकाळी सात वाजता तळमजल्याच्या खोलीत यंत्र खडखडलं आणि रुसांकाबाई कागद घ्यायला गेल्या. पत्रकं लावायचं काम त्यांच्याकडे, आणि ते त्या फार मनापासून करायच्या. शुभेच्छा असल्या तर एकच कागद निघतो, दारावर. पण या वेळी कागद थांबायलाच तयार नाही. तीस. काळी चौकट, क्रूस, त्याखाली लाझार, खांद्यावर एका बाईचा हात. 'प्रेमळ पती, वडील आणि आजोबा लाझार यांना जाऊन चाळीस दिवस झाले.'

इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण रुसांकाबाईंची अडचण निराळी होती. विंगमध्ये कुणाच्या घरी काय शिजलं हे त्या वासावरून सांगायच्या, आणि इथं लाझारला जाऊन चाळीस दिवस झाले तरी त्यांना पत्ता नाही. ही लाज त्यांना मरणापेक्षा मोठी वाटली. आता 'हे कधी झालं?' असं कुणाला विचारायचं म्हणजे आपण आंधळ्या-बहिऱ्या आहोत हे कबूल करायचं. त्यापेक्षा त्यांनी गोंदाची बाटली उचलली.

"बिचारा," त्या भेटेल त्याला सांगत सुटल्या, "मला तर तेव्हाच कळलं होतं."

मग प्रत्येकजण तेच म्हणायला लागला. पान्कोला लाझार बुधवारी लिफ्टमध्ये भेटला होता, हवापाण्यावर बोललाही होता. पण छापील कागदासमोर स्वतःच्या डोळ्यांची काय मातब्बरी. "बुधवारी जरा फिकटच वाटला," पान्को म्हणाला.

दुपारी मेतोदी आणि झ्लाटका बसमधून उतरले. झ्लाटकाच्या हातात लाझारसाठी घरच्या वाइनची बाटली होती. थांब्याच्या काचेवर लाझार त्यांच्याकडे बघत होता.

मेतोदीच्या हातातली कात्री खाली पडली. ती चौकट त्यानं स्वतः आखलेली होती. क्रूस किती जाडीचा असावा यावर त्यानं अख्खी संध्याकाळ घालवली होती. त्या चार ओळी त्याच्याच बोटांनी भरलेल्या होत्या. तरी त्याला वाटलं, लाझार गेला. स्वच्छ छापलेलं होतं, रेषा सरळ होत्या.

"मेतोदी," झ्लाटका म्हणाली, "हे तुझंच काहीतरी लफडं आहे."

"यंत्र चुकत नाही, झ्लाटका." मेतोदी म्हणाला.

"चाळीस दिवस म्हणे. मग परवा नेवेनाच्या मातीवर वाइन कुणी ओतली? तू होतास ना बाजूला?"

"होतो."

"मग?"

मेतोदी फुलवालीच्या टपरीकडे गेला होता. जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम, मेलेल्याला सम. हे इथं मुलांना शाळेत घालायच्या आधी शिकवतात.

"पाच कार्नेशन दे," झ्लाटका फुलवालीला म्हणाली.

"सहा," मेतोदी म्हणाला.

"पाच. माणूस वर बसून आपली वाट बघतोय."

"सहा दे."

फुलवालीनं दोघांकडे पाहिलं. "आधी ठरवा," ती म्हणाली, "माणूस आहे का नाही ते."

मेतोदीनं सहा घेतली. बायको अठ्ठेचाळीस वर्षांची, मॅक्रो तीन आठवड्यांचा, आणि त्यानं विश्वास ठेवला मॅक्रोवर. पुढे कितीतरी रात्री त्याला झोप लागली नाही ती या एका सहाव्या फुलापायी.

वर चौथ्या मजल्यावर लाझारनं सकाळपासून टेबल मांडलेलं होतं. बायकोशिवायचा हा त्याचा पहिला नावाचा दिवस. कुणी येईल की नाही याची त्याला धाकधूक होती, म्हणून नेवेनाच्या वहीत बघून त्यानं स्वतः वाळक्या मिरच्यांत वाल भरून शिजवले होते. आयुष्यात पहिल्यांदा. दोन भांडी करपली, तिसरं जमलं. पांढरा शर्टही त्यानं स्वतःच इस्त्री केला होता, हे पाठीवरच्या घडीवरून कळत होतं.

आणि माणसं आली. कधी नव्हे इतकी आली. पहिल्या आल्या रुसांकाबाई, हातात उकडलेल्या गव्हाचं ताट, वर साखरेचा क्रूस. लाझारनं हसून दार उघडलं. रुसांकाबाईंनी ताट सोडलं. गहू चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत पायऱ्या उतरत गेला. मागून काळ्या टायमधला पान्को, त्याच्या मागे तिसरा मजला, सगळ्यांच्या हातात फुलं. चार, आठ, दहा. लाझार प्रत्येकाची फुलं घेत होता आणि नकळत मोजत होता. सगळी सम.

मेतोदी जिना चढून धापा टाकत पोचला तेव्हा खोलीत पंधरा माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पान्को हळूच टाय सोडवत होता. टेबलाच्या टोकाला लाझार बसलेला. त्याच्यापुढे पत्रक.

मेतोदीनं त्याला पाहिलं आणि आधी त्याला आनंदच झाला, इतका, की तो रडायला लागला. मग त्याला आपल्या हातातली फुलं आठवली. ती पाठीमागे लपवायची तर उशीर झाला होता.

लाझारनं मोजली. दोनदा मोजली.

"तूसुद्धा?" तो म्हणाला.

मग त्यानं भिंतीला टेकलेल्यांकडे हात केला.

"यांचं एक असो. रुसांकाबाईंना मी आवडतच नाही. पान्कोला मी बुधवारी भेटलो, पण तो माझ्याशी बोलताना आरशात बघत होता. पण तू, मेतोदी? परवा तुझ्या कोपराला कोपर लावून उभा होतो मी."

"यंत्रानं छापलं, लाझार," मेतोदी म्हणाला. ते किती पोरकट वाटलं हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"हो, छापलं की. वडील आणि आजोबा." लाझारनं पत्रकावर बोट ठेवलं. "गुरुवारी नेवेनाला आई आणि आजी केलंस. ती बावीस वर्षं सोफियाच्या दवाखान्यात खेटे घालत होती मूल व्हावं म्हणून. दोनदा तुझ्याच गाडीतून गेलो आम्ही. तुला माहीत होतं. यंत्राला कुठं माहीत होतं? मी गुरुवारी काही बोललो नाही. म्हटलं, असू दे, मेल्यावर तरी झाली आजी."

विंगमधल्या लोकांच्या हसण्याचं मेतोदीला पुढे काही वाटलं नाही. ते हसायलाच हवे होते. पण ही दोन वाक्यं, बाईसाठी एक आणि पुरुषासाठी एक, त्यानं एकदा लिहिली होती आणि कुठंही वापरली होती, आणि जिथं ती वापरू नयेत असं एकच घर विंगमध्ये होतं.

मग लाझार उठला. त्यानं मेतोदीच्या हातातून फुलं घेतली, त्यातलं एक ओढून काढलं आणि परत त्याच्याच हातात दिलं. उरलेली पाच त्यानं नेवेनाच्या काचेच्या भांड्यात ठेवली.

"आता झालो जिवंत," तो म्हणाला. "हे सहावं ठेव तुझ्याकडे. लागेल तेव्हा घेऊन ये. आणि बसा रे सगळे, वाल गार होतायत."

सगळे बसले. वाल खारट झाले होते. प्रत्येकानं दोनदा वाढून घेतले, रुसांकाबाईंनी तीनदा, आणि झ्लाटकानं वाइन ओतताना कुणालाही मोजून ओतली नाही.

मेतोदीला मॅक्रो पुसून टाकायचा होता. तो वर्गात गेला आणि रालित्साला सगळं सांगितलं. तिला हसू आवरेना, मग तिनं त्याचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं.

"पुसू नका, काका. मॅक्रो चांगला लिहिलाय. फक्त रिकामा डबा दिसला की मागचं धरायचं नाही. थांबायचं आणि विचारायचं. एवढी एक ओळ बदला."

त्यानं ती ओळ बदलली. आता कारण रिकामं असलं की यंत्र थांबतं आणि विचारतं. लिफ्ट, पाणी, जिन्याची पाळी, सगळं त्यावर सुरळीत चालतं. पान्कोनंही शेवटी संमती दिली, दोनच प्रतींत. काळ्या चौकटीचा भाग तेवढा मेतोदीनं काढून टाकला.

उन्हाळ्याच्या शेवटी नेवेनाला सहा महिने झाले. मेतोदी कागद आणि दौत घेऊन चौथ्या मजल्यावर गेला. टाब्ला तर एव्हाना पुन्हा चालू झाला होता, पण चोरीचे आरोप आता जरा जपून व्हायचे, आणि ते जपणं मेतोदीला भांडणापेक्षा जास्त लागायचं.

"लाझार," त्यानं विचारलं, "काय लिहू?"

लाझारला त्या प्रश्नाची सवय नव्हती. तीन संध्याकाळ तो बोलत होता. मेतोदीनं लिहिलं, की नेवेना पोस्टात होती आणि पाकिटावरचं अक्षर वाईट असलं तरी पत्र पोचवायची. की तिला पोहता येत नव्हतं, तरी दरवर्षी समुद्राला जायची. की ती टोमॅटो उभे चिरायची. लाझारनं वाचून एकच दुरुस्ती सांगितली. आडवे. मेतोदीनं पुन्हा सगळं लिहून काढलं. तीस प्रती, हातानं. बोटं दोन आठवडे मिटत नव्हती. बसथांब्यावर लोक बस सोडून ते वाचत उभे राहायचे.

गुरुवारच्या त्या पत्रकाबद्दल मात्र त्यानं लाझारची माफी कधी मागितली नाही. रोज मागायची ठरवायचा आणि रोज फासे टाकायचा. हे राहिलं ते राहिलंच.

नेवेनाचं वर्ष भरलेलं लाझारनं पाहिलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. टाब्ल्याचा पट मांडलेला होता.

मेतोदीनं पत्रक लिहायला घेतलं. विचारायला कुणी नव्हतं. त्यानं लिहिलं, की लाझारला वाल शिजवता येत होते, आणि तो फासे टाकताना चोरी करत नव्हता, हे आज कबूल करण्यात येत आहे. फोटो अख्खाच लावला, दोघांचा. सगळ्यात खाली त्यानं एक ओळ घातली: 'या वेळी खरं आहे.'

"ती ओळ काढ," झ्लाटका म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"काढली तर कुणी येणार नाही."

रुसांकाबाईंनी दारावरचं पत्रक वाचलं. त्या हसल्या नाहीत. त्या चौथ्या मजल्यावर गेल्या, लाझारच्या दाराची घंटा वाजवली आणि बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. मग खाली येऊन त्यांनी बाकीची पत्रकं उचलली आणि गोंद शोधायला लागल्या.

मेतोदी टपरीवर गेला आणि त्यानं पाच कार्नेशन मागितली.

"पाच?" फुलवाली म्हणाली. तिनं थांब्यावरचं पत्रक वाचलेलं होतं. "काका, एक कमी पडेल."

"नाही पडणार," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं नकाशाच्या सामानाचा खण उघडला. कंपास आणि पट्ट्यांच्या खाली सहावं फूल होतं, वाळून तपकिरी झालेलं. ते त्यानं पाचांच्या मधे खोचलं, आणि दारात बूट घालून उभ्या असलेल्या झ्लाटकाला म्हणाला, "तू मोज एकदा."

तिनं मोजली. "सहा," ती म्हणाली, आणि त्याच्या कोपराला धरून जिना उतरायला लागली.